कंपनी भेट देईल

...नाही, नाही, मला आधी एवढंच सांगा, ‘भेट’ म्हणजे काय? सांगा ना! हसता काय? दोन अक्षरांचा शब्द, जोडाक्षर नाही, रफार नाही, पहिलीतलं पोर वाचील... मलाही असंच वाटत होतं! तुम्हाला सांगतो, बत्तीस वर्षं मी अमरावतीच्या कचेरीत आवक-जावक सांभाळलं. एका खुर्चीवर बसून चार राज्यं पाहिली मी. खुर्ची तीच, वेताची, ढेकणांसकट. राज्यं तेवढी बदलत गेली. आधी मध्यप्रांत-वऱ्हाड, मग मध्यप्रदेश, मग मुंबई, मग महाराष्ट्र... आणि दर राज्याबरोबर नवे शब्द! इंग्रजी निघाली, हिंदी आली, हिंदीनं पुरतं बूड टेकलं नाही तोच मराठी आली, आणि मराठी तरी कशी, तर धोतर नेसून गंध लावून! ‘प्रस्तुत’, ‘उपरोक्त’, ‘यथावकाश’... सगळ्यांना मी पुरून उरलो. साहेब लोक मला बोलावून विचारायचे, मोरोपंत, याचा अर्थ काय हो? आणि असा माणूस चहाच्या पुड्यातल्या चार ओळींनी आडवा पाडावा? शब्द सगळे ओळखीचे हो... पण एकानं ओळख दाखवली असेल तर शपथ!

तशी सुरुवात चहानं नाही झाली. डोळ्यानं झाली. माझ्या नव्हे, आमच्या हिच्या, प्रमोदिनीच्या. डाव्या डोळ्यातून पाणी. कांदा चिरायला घेतलेला नाही, माहेरचं पत्र आलेलं नाही, तरी पाणी! मी म्हटलं, वारा लागला असेल. वारा दिवाळीपासून शिमग्यापर्यंत लागत राहिला, तेव्हा नेलं डॉक्टरांकडे. त्यांनी पापणी उलटून पाहिली आणि तिला काही न विचारता मला विचारलं, ‘मोरोपंत, घरात चूल आहे?’ म्हटलं, घर आहे म्हणजे चूल असणारच. म्हणाले, ‘बुबुळावर फूल पडायला लागलंय. धुरानं वाढतं आहे. औषध देतो, पण आधी धूर बंद करा. स्टोव्ह घ्या. उशीर केलात तर हा डोळा राहायचा नाही.’

मी म्हटलं, घेऊ.

आता ‘घेऊ’ या शब्दाचा अर्थ तुम्हाला सांगायला नको. कचेरीत त्याला ‘विचाराधीन’ म्हणतात. कागद विचाराधीन झाला की त्याच्यावर धूळ बसते, माणूस विचाराधीन झाला की तो निवृत्त होतो, आणि स्टोव्ह विचाराधीन झाला की... असो.

तर आमच्या बुधवाऱ्यातला किराणावाला नत्थुजी. त्याच्याकडून एकदा ‘तीन राघू’ छाप चहाचा पुडा आणला. पुड्यावर तीन राघू, एक डावीकडं बघतोय, एक उजवीकडं, आणि मधला सरळ आपल्याकडं, गिऱ्हाइकाकडं! तो मधला राघू मला पहिल्यापासून आवडला नव्हता. पुडा फोडला तर आत गुलाबी कूपन, तिकिटापेक्षा जरा मोठं, आणि एक पत्रक. पत्रकावर पितळी स्टोव्हचं चित्र, चकचकीत, ज्योत निळी. हिनं ते चित्र उजव्या डोळ्यानं पाहिलं, मग डावा मिटून पाहिलं, आणि म्हणाली, ‘अहो, साठ कूपनांवर हा मिळतो म्हणे. चहा तर आपण पितोच.’

मी म्हटलं, पाहू काय लिहिलंय. चष्मा लावला. वाचलं. आणि तुम्हाला सांगतो, मी खुर्चीत सरळ होऊन बसलो! काय ते लिखाण! ऐका, पाठ आहे मला, झोपेतून उठवून विचारा. ‘सदर कूपन अहस्तांतरणीय आहे. साठ कूपनांच्या धारकास मुदतीत कंपनी भेट देईल. खंडित कूपने ग्राह्य धरली जाणार नाहीत. योजना साठा असेपर्यंत.’ झालं. चार वाक्यं. खाली अकोल्याच्या मुख्य विक्रेत्याचा पत्ता, मुंगीच्या पायानं लिहावा इतका बारीक.

दुपारी ओट्यावर सभाच भरली. शेजारचे खुशालराव आले, त्यांची मनकर्णाबाई आली. खुशालरावांची मोर्शीकडं संत्र्याची बाग, अमरावतीत घर पोरींच्या शाळेसाठी केलेलं. माणूस बुद्धीनं तल्लख, पण छापील कागद दिसला की संत्र्यासारखा सोलायला बघतो. पत्रक हातात घेतलं आणि सोललं की! ‘पंत, हे पाहा. हस्त म्हनजे हात. अंतर म्हनजे लांब. मंग साफ लिवलं हाये ना बाप्पा... हातापासून अंतर ठेवा! हात लावू नका म्हन्ते कंपनी.’ झालं! मी तोंड उघडायच्या आत आमची ही आत गेली आणि निखारे उचलायचा चिमटा घेऊन आली. कूपन चिमट्यात! मी म्हटलं, अगं, टाक तो चिमटा. अहस्तांतरणीय म्हणजे एकाचं दुसऱ्याला देता येत नाही. तर मनकर्णाबाईंचा चेहरा उतरला. ‘मंग मी वैनीले कसे देऊ? आमच्या घरी बी येतेत ना पुडे. मी म्हटलं वैनीच्या डोयासाठी आपले बी देऊन टाकू.’

बघा! माणूस देतोय आणि शब्द आडवा येतोय! खुशालराव पुन्हा धावले. ‘त्यात काय हाये? तू कूपन ओट्यावर ठेव अन् घरी ये. मांगून वैनी आल्या, त्यायले ते सापडलं. सापडल्या वस्तूले कोन्ता कायदा?’ आणि तुम्हाला सांगतो, पुढचे सात महिने आमच्या ओट्यावर गुलाबी कूपनं ‘सापडत’ होती. मनकर्णाबाई यायच्या, कूपन ठेवायच्या, वर खडा ठेवायच्या, आकाशाकडं बघत निघून जायच्या. कायदा पाळला!

मग ‘साठा असेपर्यंत’. मनकर्णाबाई म्हणाल्या, ‘साठा म्हनजे साठीचा मानूस असंन. भाऊजी, तुमी किती वर्साचे?’ मी म्हटलं, अठ्ठावन्न. ‘मंग दोन वर्सं हायेत अजून, कायले घाई करता?’ शब्द सगळे ओळखीचे हो... पण ओट्यावर येऊन बसले की एकही ओळख दाखवीना!

या सगळ्या गोंधळात एकटी ही म्हणाली, अगदी सहज, गहू निवडता निवडता, ‘भेट म्हणजे स्टोव्हच ना? लग्नात देतात तशी. कुठं जाऊन आणायचा तेवढं विचारा.’

आता इथं माझी बत्तीस वर्षं आडवी आली. मी हसलो. पुढं मला हसू आलं नाही म्हणून ते हसू चांगलं लक्षात आहे. म्हटलं, ‘प्रमोदिनी, वाक्य नीट वाच. कंपनी भेट देईल. कंपनी हा कर्ता. कलेक्टरसाहेब भेट देतील म्हणजे काय? लग्नात देतात तसा तांब्या-पेला देतील? साहेब येतील! दप्तर पाहतील! भेट म्हणजे तपासणी. कंपनीचा माणूस घरी येईल, कूपनं मोजील, शेरा मारील, मग स्टोव्ह मंजूर.’ खुशालराव म्हणाले, ‘वा! पंत, हे तुमीच जानू जाने!’ ही? गहू निवडत राहिली. चेहरा खाली, आणि डावा डोळा वाहतोय.

मी नत्थुजीलाही विचारलं, नाही असं नाही. तो म्हणाला, ‘मले काय मालूम बाप्पा? मी चहा इकून राहिलो, कागद थोडाच इकतो.’

मग सुरू झालं चहापान. अहो, साठ पुडे म्हणजे काय चेष्टा आहे? सकाळी चहा, दुपारी चहा, पोस्टमनला चहा, दूधवाल्याला त्याच्याच दुधाचा चहा! पोटात जळजळ, झोप उडालेली. आणि हा प्रत्येक चहा कशावर व्हायचा? बोला ना! चुलीवर! स्टोव्ह मिळावा म्हणून चहा, चहासाठी चूल, चुलीचा धूर... आणि धुरासमोर ती. मला हे तेव्हा दिसलं नाही असं म्हणू का? दिसत होतं. मी तिला म्हणायचो, आता थोडेच राहिले.

संक्रांतीला साठ भरले. कूपनामागं छापलेली मुदत मार्चअखेर. आणि मार्चअखेर म्हटलं की कारकुनाच्या अंगात काय संचारतं ते कारकुनालाच ठाऊक! तपासणी होणार म्हणजे दप्तर चोख पाहिजे. ‘खंडित’ कूपन चालणार नाही. बरोबर आहे, खंडित मूर्ती देवघरात चालत नाही. मग फाटू नयेत, उडू नयेत, उंदरानं नेऊ नयेत म्हणून काय करावं? मी केलं, जे बत्तीस वर्षं केलं ते. प्रत्येक कूपनावर लाल शाईनं आवक क्रमांक घातला, एकपासून साठपर्यंत. बारीक सही केली. मग डाव्या कोपऱ्यात, काठापासून बोटभर आत, दाभणानं सुरेख गोल भोक पाडलं, साठही भोकं एका रेषेत, लाल फीत ओवली, वर-खाली पुठ्ठा लावला आणि कापडात बस्ता बांधला. हिनं एकदा दारातून पाहिलं. म्हणाली, ‘अहो, त्यांना भोकं चालतील ना?’ मी म्हटलं, ‘भोक नसेल तर फाइल कशी होईल?’

आणि अकोल्याच्या पत्त्यावर पत्र टाकलं. ‘उपरोक्त योजनेस अनुसरून, सदरहू भेटीचा दिनांक निश्चित करून कळवावा, म्हणजे सर्व वस्तू तपासणीकरिता मांडून ठेवता येतील.’ उत्तर नाही. मी म्हटलं, येणार. उत्तर न देता येणं हीच खरी तपासणी.

रोज सडा, रोज सारवण. मी घरात कोट घालून बसायचो. आणि एक दिवस आला! फेब्रुवारीअखेर, सकाळी नऊ. खाकी पँट, खांद्याला पिशवी, हातात वही. दारावर टकटक केली. मी त्याला बोलूच दिलं नाही. या, या, बसा, आम्ही वाटच पाहत होतो! तो बिचारा बावरला. त्याची वाट पाहणारं घर त्याला आयुष्यात पहिल्यांदाच भेटलं असावं. मी आत ओरडलो, पोहे टाक! आत लाकूड ओलं. फुंकणीचा आवाज येतोय, खोकला येतोय, धूर माजघरातून बैठकीत येतोय.

त्यानं वही उघडली. ‘किती हायेत घरात?’

‘साठ!’ मी छाती काढून सांगितलं.

‘साठ? एवढ्याशा घरात?’

‘पूर्ण साठ. एकालाही बाहेर जाऊ दिलेलं नाही.’

त्यानं इकडं तिकडं पाहिलं. ‘ठेवता कुठीसा?’

‘बस्त्यात. बांधून.’

‘बांधून? काहून?’

‘सुटे ठेवले तर वाऱ्यानं उडतात!’

त्याची पेन्सिल थांबली. हळूच म्हणाला, ‘अन् यातले खराब किती?’ मी म्हटलं, एकही नाही, हवं तर एकेक पाहून घ्या. तर तो म्हणाला, ‘राहू द्या. तुमचंच पाहतो. बोट पुढं करा.’ मला वाटलं, अंगठा घेतोय. मी रागावलो. ‘मी सही करतो! अंगठा कशाला?’ तेवढ्यात त्यानं माझं बोट धरलं आणि टोचली की हो सुई! काचेच्या पट्टीवर माझं रक्त! मलेरियाचा माणूस होता तो. ताप कोणाला आहे का विचारायला आला होता. वही मिटली, पोहे मात्र सगळे खाल्ले, आणि जाताना हिच्याकडं बघून म्हणाला, ‘बाईचे डोये लईच लाल हायेत. दवाखान्यात दाखवत काहून नाई?’

तो गेल्यावर ही पदरानं डोळा टिपत म्हणाली, ‘आली कंपनी. भेट दिली, आणि रक्त घेऊन गेली.’

तरी मी थांबलोच! मार्च लागला, संपत आला. तीस तारखेला खुशालराव अकोल्याहून आले ते टांग्यातूनच ओरडत आले, ‘अहो पंत! कंपनी कुठीच जात नाई! कंपनीकडं आपल्याले जा लागते! अकोल्याच्या दुकानात म्या डोयानं पाह्यलं, एक बाई कूपनं घेऊन आली, इस्टो घेऊन गेली! भेट म्हनजे इस्टोच हाये हो!’ मी हिच्याकडं पाहिलं नाही. मला ठाऊक होतं ती माझ्याकडं पाहते आहे. एका डोळ्यानं का होईना.

एकतीस तारखेला बडनेऱ्याहून सकाळची पॅसेंजर गाठली. दोघं. ती म्हणाली, मी येते. डाव्या डोळ्यावर हिरवी पट्टी, वर पदर, आणि बस्ता तिच्या मांडीवर. मूर्तिजापूरला गाडी बराच वेळ थांबली. मी म्हटलं, चहा घेतेस? तिनं माझ्याकडं असं पाहिलं की चहावाला पुढच्या डब्याकडं गेला.

अकोल्याचं दुकान बाजारात. मालक हरिहरराव, माणूस सभ्य, बोलणं मऊ. ‘या काका, बसा वहिनी. शेवटचा दिवस आज. आणलीत का कूपनं?’ मी बस्ता पुढं ठेवला. त्यांनी कापड सोडलं, पुठ्ठा उचलला, फितीची गाठ सोडली. पहिलं कूपन उजेडाकडं धरलं, आणि तुम्हाला सांगतो, त्या भोकातून माझ्याकडं पाहिलं!

‘हे काय?’

‘आवक क्रमांक एक,’ मी म्हटलं.

‘ते नाही हो. हे भोक.’

‘फीत ओवायला.’

त्यांनी दुसरं पाहिलं. तिसरं. मग साठही पत्त्यांसारखी पिसली. बोलणं होतं तेवढं मऊ राहिलं नाही. ‘काका, आम्ही कूपन घेतो, भेट देतो, आणि मग कूपनाला भोक पाडतो. भोक म्हणजे कूपन वटलं. ते पुन्हा चालत नाही. तुम्ही साठ वटलेली कूपनं घेऊन आलात. कुठून आणली?’

कुठून आणली! बत्तीस वर्षांत माझ्या टेबलावरून टाचणी इकडची तिकडं झाली नाही, आणि मला विचारतात, कुठून आणली!  मी म्हटलं, ‘पत्रक दाखवा! पत्रकात कुठंही भोक हा शब्द नाही. खंडित म्हणजे तुटलेलं. ही तुटलेली नाहीत. ही सच्छिद्र आहेत! खंडित आणि सच्छिद्र यांत फरक आहे!’

‘असेल काका. मला दोन्ही बादच.’

‘आमचं पत्र मिळालं नाही का तुम्हाला? अमरावतीचे मोरोपंत!’

हरिहरराव उभेच राहिले. ‘ते तुम्ही? तपासणीसाठी सर्व वस्तू मांडून ठेवता येतील, ते? अहो काका, आम्हाला वाटलं वजनमापाचा इन्स्पेक्टर येतोय! आम्हीच सगळं मांडून ठेवावं असा हुकूम आहे! पंधरा दिवस गोदाम झाडत होतो आम्ही! वजनं चिंचेनं घासली! रोज पेढे आणून ठेवायचे, संध्याकाळी आम्हीच खायचे! आणि लिहिलं होतं तुम्ही? याचा अर्थ काय होता मग?’

काय सांगू? शब्द सगळे माझेच हो... पण मलाच ओळख दाखवीनात!

तेव्हा ही बोलली. बाकावरून न उठता. ‘भाऊ, ती भोकं यांनी पाडली. माझ्यासमोर पाडली. यांनी कचेरीत आयुष्य काढलं, भोक पाडल्याशिवाय यांना कागद खरा वाटत नाही. स्टोव्ह माझ्यासाठी हवा होता. डोळ्यासाठी.’

 हरिहररावांनी बस्ता पुन्हा बांधला, नीट, मी बांधतो तसा. म्हणाले, ‘वहिनी, मला पटतं. तुमच्या गळ्याची शपथ, पटतं. पण ही कूपनं वर हेड ऑफिसला जातात. तिथं माणूस दिसत नाही, भोक दिसतं. अशा कूपनांवर मी स्टोव्ह दिला तर माझी एजन्सी जाईल.’

बाहेर आलो. अकोल्याचं ऊन तुम्हाला ठाऊक आहे, मार्चमध्येच डोक्यावर तवा ठेवल्यासारखं. पायरीवर ती थांबली. पट्टी सरकवून डोळा टिपला, आणि म्हणाली, ‘एक विचारू? हा स्टोव्ह कूपनांवरच पेटतो का हो?’

मी म्हटलं, म्हणजे?

तिनं हात केला. समोर भांड्यांचं दुकान. दाराशीच स्टोव्ह मांडलेले, एक नाही, दोन नाही, आठ-दहा. चित्रातल्यापेक्षा चकचकीत.

पैसे होते. तेच तर मी तुम्हाला इतका वेळ सांगत नव्हतो. पैसे होते हो. डॉक्टरांनी सांगितलं त्या दिवशी होते, पहिला पुडा फोडला त्या दिवशी होते, संक्रांतीला होते, आतल्या खिशात त्याही दिवशी होते. मग मी इतके महिने काय करत होतो? अहस्तांतरणीय म्हणजे काय ते शोधत होतो. खंडित म्हणजे काय, धारक म्हणजे कोण, भेट म्हणजे काय... त्या पत्रकावर सगळ्यात मोठ्या अक्षरात, स्टोव्हच्या चित्राखाली, आणखी एक शब्द होता, तो मी तुम्हाला वाचूनच दाखवला नाही. ‘मोफत’. त्याचा अर्थ मी कोणालाही विचारला नाही. मला वाटलं, तो तेवढा मला येतो!

रस्ता ओलांडला. स्टोव्ह घेतला. दुकानदार म्हणाला, घरी पोहोचेपर्यंत उभाच धरा. बडनेऱ्यापर्यंत मी तो मांडीवर धरून बसलो, आणि ती खिडकीशी बसली, उजवी बाजू बाहेर करून.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर. पापणी उलटली, बराच वेळ पाहिलं. म्हणाले, ‘स्टोव्ह कधी घेतला?’ मी म्हटलं, काल. त्यांनी हात धुतले, पुसले, पुन्हा पुसले. ‘आता डाव्यानं उजेड-अंधार कळेल, बाई. अक्षर दिसायचं नाही. उजवा सांभाळू. बारीक छापलेलं काही वाचायचं नाही, अजिबात नाही. कोणाकडून तरी वाचून घेत जा.’

कोणाकडून? घरात दुसरं आहे कोण?

तेव्हापासून हे काम माझ्याकडं. पंचांग, पोस्टकार्डं, किराण्याच्या पुडीचा कागद, औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी, सगळं मोठ्यानं वाचायचं. पहिल्या संध्याकाळी स्टोव्हबरोबरचा कागद काढला. ती पाटावर बसली, डोळे मिटून. मी वाचलं, ‘बर्नर पुरेसा तापल्यावर हवा द्यावी.’ आणि थांबलो, सवयच ती. घसा साफ केला, चष्मा वर सरकवला, म्हटलं, ‘आता ‘पुरेसा’ या शब्दाचा इथं अर्थ असा, की...’

तिनं डोळे न उघडताच हात वर केला. म्हणाली, ‘नुसतं वाचा. अर्थ सांगू नका.’